यान्सून घे, बोलू नकोस

कैरोत शिंकणं ही खासगी बाब नाही. तुम्ही टॅक्सीत मागच्या सीटवर बसून, रुमालात तोंड खुपसून, जमेल तितक्या सभ्यपणे शिंकता. ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगवर ठेवून सगळाच्या सगळा मागे वळतो. समोर नाईलच्या पुलावर तीन गाड्यांच्या रस्त्यात पाच गाड्या शेजारी-शेजारी चाललेल्या असतात, पण त्यांचं त्यांनी बघावं. तो विचारतो, "यान्सून घेतलंस?" नाही म्हटलंत तर हळहळतो. हो म्हटलंत तर विचारतो, "मध घातला होतास?" मध घातला होता म्हटलंत तर मध कुठल्या गावचा, इथपर्यंत चौकशी जाते. तुमचं ठिकाण येईपर्यंत निदान, उपचार आणि पथ्य सगळं सांगून झालेलं असतं. भाड्यावरून भांडण होतं ते होतंच. उपचार वेगळा, मीटर वेगळं.

आपल्याकडे एखादं लचांड आपोआप टळलं की सुंठीवाचून खोकला गेला, असं समाधानाने म्हणतात. ही म्हण कैरोत रुजणार नाही. तिथे सुंठीवाचून खोकला गेलाच, तर लोक त्याला परत बोलावतील, सुंठ पाजतील आणि मग रीतसर निरोप देतील.

आता इजिप्तचा रोजचा चहा हे प्रकरण वेगळं. तो काळा, गोड, काचेच्या ग्लासात येणारा. नाईलच्या मुखाकडे तो उकळतं पाणी ओतून हलका करतात, त्याला कोशरी म्हणतात. दक्षिणेकडे वरच्या इजिप्तात तो खळाखळा उकळून जवळजवळ शाईच्या रंगावर नेतात, तो सईदी. हा चहा काम करताना, काम टाळताना, भाव करताना आणि सरकारला शिव्या घालताना प्यायचा. त्याचा तब्येतीशी संबंध एवढाच, की तो दिवसभर पिऊन पित्त खवळलं की झाडपाल्याची पाळी येते. आणि ह्या झाडपाल्याचं राज्य खरोखर मोठं आहे: यान्सून, करकदे, हेल्बा, दालचिनी, आलं, पुदिना, कॅमोमाइल, ओव्याच्या वासाचा झातार, खोकल्यासाठी पेरूची पानं. एकेकाचा गुण विचारू नये. विचारलात तर प्रत्येक पाला सगळ्यावर चालतो, असं उत्तर मिळतं.

ह्या राज्याचं पंतप्रधानपद यान्सूनकडे आहे. बडीशेपेच्या कुळातले, तिच्याहून बारीक आणि तिच्याहून गोडसर वासाचे दाणे. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, यान्सून. आजोबांना झोप येत नाही, यान्सून. गाणारे, कुराणाचं पठण करणारे आणि चाळीस पोरांच्या वर्गावर दिवसभर ओरडणारे मास्तर यांच्या गळ्याचा तर तो अधिकृत ठेकेदार. बाळांचे डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही. बाळाची आजी समोर बसून मान डोलावत सगळं ऐकून घेते, डॉक्टरांना दुवा देते, घरी येते आणि यान्सून चढवते. डॉक्टर शिकलेले आहेत हे तिला मान्य असतं. ते लहान असताना त्यांना काय पाजलं होतं, हेही तिला ठाऊक असतं.

अडचण होते ती तरण्याताठ्या पुरुषांची. नाक्यावरच्या कॉफीघराला तिथे अहवा म्हणतात. फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या, हुक्क्यांची गुडगुड, तावलाच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज, आणि ह्या सगळ्याच्या वर चढलेला वाढप्याचा "आयवा, गाय!" म्हणजे "हो, आलो!". तो येत नसतो, पण आश्वासन दणदणीत असतं. अशा मर्दानी वातावरणात एखाद्या पंचविशीतल्या पोराने हळूच यान्सून मागवलं की वाढपी ती ऑर्डर आत पोहोचेल अशा बेताने ओरडतो, म्हणजे ती तीन दुकानं पलीकडे पोहोचते. मित्र लगेच पेन्शन कधीपासून सुरू झाली म्हणून विचारतात. दोन मिनिटं पोराची यथेच्छ चेष्टा होते. मग त्यातलाच एक जण गंभीर होऊन विचारतो, "खरंच, काय होतंय तुला?" आणि पाचही जण खुर्च्या पुढे ओढतात. "मला आज बरं वाटत नाही" हे वाक्य त्या वयात तोंडातून निघत नाही. वाढप्याने ते ओरडून सांगितलं की काम होतं.

यान्सून पंतप्रधान, तर करकदे म्हणजे राजघराणं. रंगच तसा आहे, गडद माणकासारखा. सगळ्यात उत्तम करकदे अस्वानचं, असं कैरोत कुणीही शपथेवर सांगेल. अस्वानच्या बाजारात त्याच्या सुकलेल्या काळसर-लाल पाकळ्यांचे ढीग टोपल्यांत रचलेले असतात. खरं तर त्या पाकळ्या नव्हेतच. त्या आहेत लाल अंबाडीच्या फुलामागच्या मांसल, आंबट बोंडांच्या साली. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाने हे समजून घ्यावं आणि मग विमानतळावर त्याच बोंडांना नक्षीदार पिशवीत घालून काय भाव लावलाय, ते बघू नये.

करकदेबद्दल कैरोत एक सिद्धान्त आहे, आणि तो पाळण्यापासूनच पक्का केला जातो. गार करकदे प्यालं की ब्लडप्रेशर उतरतं. गरम प्यालं की चढतं. वनस्पती तीच, साखर तीच, ग्लासही तोच, पण तापमान बदललं की ती शत्रुपक्षाला जाऊन मिळते. पोटात गेल्यावर गरम आणि गार दोन्ही अंगाच्या तापमानाला येतात, हा युक्तिवाद मी एका सुशिक्षित, चष्मा लावणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांपुढे मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?" नाही म्हटलं. "मग?" विषय संपला. मी नेट लावून आणखी सांगितलं की अमेरिकेत 65 माणसांवर एक प्रयोग झाला, सहा आठवडे त्यातल्या काही जणांना रोज तीन कप करकदे पाजलं, आणि त्यांचं वरचं प्रेशर सरासरी सात अंकांनी उतरलं. 2010मध्ये ते छापूनही आलं. गृहस्थ पहिल्यांदाच पुढे झुकले. म्हणाले, "गरम दिलं होतं की गार?"

हेल्बा म्हणजे आपली मेथी. दाणे उकळून त्याचं पिवळंधमक पाणी प्यायचं, फार झालं तर दूध घालायचं. मेथीचे लाडू खाल्लेल्या घरातल्या माणसाला त्याची चव सांगायला नको. पण लाडवात गूळ असतो, डिंक असतो, तूप असतं. तिथे मेथी एकटी, उघडीवाघडी भेटते. आणि ती लपत नाही. आज हेल्बा प्यालात की उद्या घामाला तिचा वास येतो, आणि लिफ्टमध्ये शिरलेला शेजारी काही न विचारता म्हणतो, "हं, पोट बिघडलं होतं वाटतं." तुतानखामेनच्या थडग्यातही मेथीचे दाणे सापडले होते. सोन्याचा मुखवटा, सोन्याचे जोडे, रथ, पलंग आणि मेथी. एवढ्या खजिन्यात हे बारीकसे दाणे ठेवायची आठवण कुणाला झाली असेल, ते मला विचाराल तर मी पुजाऱ्यापेक्षा आईचं नाव घेईन.

बाळंतिणीसाठी मात्र हेल्बावर भागत नाही, तिथे मोगात लागतो. एका झुडपाच्या मुळाची पूड भरपूर तुपात परतायची, तीळ, सुकामेवा, साखर घालायची आणि चमचा जेमतेम फिरेल इतपत दाट करायची. प्यायचा की खायचा, हा निर्णय ग्लासावर सोडायचा. हा मोगात बाळंतिणीला देतात, आणि सातव्या दिवशी सुबूचा सोहळा असतो तेव्हा आलेल्या-गेलेल्यांनाही देतात, कारण बाळाला बघून पाहुणेही थकत असावेत. त्या सोहळ्यात बाळाला चाळणीत ठेवतात आणि कानाशी पितळी खलबत्ता दणादणा वाजवतात. खल वाजवणारी आजी प्रत्येक ठोक्याला बाळाला बजावते: आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस. मग आजीचं ऐक. सात दिवसांच्या जिवाला धड दिसतही नसतं, पण ह्या घरात आपल्या तब्येतीचे निर्णय कोण घेणार, हे त्याला त्या आवाजातच कळतं. आणि ज्या खलाने हा उपदेश केला, त्याच खलात पुढे त्याच्या औषधाचं कुटायचं असतं.

हा सगळा पाला ज्याच्याकडून येतो तो अत्तार. सबंध शहरासाठी उघडलेला आजीबाईचा बटवा म्हणजे अत्ताराचं दुकान. कैरोच्या बाब अल-खल्क भागात हर्राझ नावाचं असं एक दुकान 1885पासून चालू आहे, आणि अल-अझहर मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत तर दर दहा पावलांवर एक आहे. दारात पोती, आत छतापर्यंत खण, आणि असा वास की चांगल्या माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटावं. ह्या धंद्याची वंशावळ भारी आहे. इब्न अल-बैतार हा आंदालुसियातून आलेला वनस्पतिपंडित इथे सुलतान अल-कामिलच्या पदरी मुख्य औषधीतज्ज्ञ होता. 1248मध्ये वारला, त्याआधी त्याने सुमारे 1400 औषधांची जंत्री करून ठेवली. नंतर दाऊद अल-अंताकी आला. तो अंध होता, कैरोत वैद्यकी करायचा आणि 1599मध्ये मक्केत वारला. त्याच्या ग्रंथाला अत्तार मंडळी आजही 'तझकिरत दाऊद' म्हणून मान देतात. ग्राहकाने शंका काढली की अत्तार फक्त "दाऊदमध्ये आहे" म्हणतो. ग्रंथ उघडून बघायची वेळ कुणी आणत नाही.

एका अत्ताराकडे मी पुदिना घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढे काळी अबाया घातलेल्या एक हाग्गा होत्या. तिथे साठीच्या पुढच्या बाईला, तिने मक्केची यात्रा केलेली असो वा नसो, हाग्गाच म्हणायचं.

"पोटात काहीतरी होतंय," हाग्गा म्हणाल्या.

"काहीतरी म्हणजे कसं, हाग्गा?"

"जेवण जात नाही. झोप नाही. सून माहेरी गेलीय."

अत्ताराने पुढे काही विचारलं नाही. कॅमोमाइलची मूठभर फुलं तराजूत टाकली, वर थोडं यान्सून, चिमूटभर दालचिनी. काटा जुळला तसा अजून एक चिमूट वजनाबाहेर घातली. पुडी बांधता बांधता म्हणाला, "रात्री झोपताना. झाकून ठेवायचं, उकळायचं नाही. आणि तुम्ही तिला फोन करायचा नाही. मुलाला करू द्या."

"मी कशाला करू?" हाग्गा उसळल्या.

"म्हणूनच सांगतोय," अत्तार म्हणाला आणि माझ्याकडे वळला, "बोला, बाशमुहंदिस." धुतलेला शर्ट घातलेल्या कुठल्याही पुरुषाला कैरोत इंजिनिअर म्हणतात. पदवी विचारत नाहीत.

त्या पुडीतलं कॅमोमाइल बहुधा फय्यूमकडचं असणार. हिवाळ्याच्या अखेरीस तिथली शेतं पांढऱ्या फुलांनी भरतात, बायका-मुलं ती हाताने खुडतात, आणि त्यातला मोठा हिस्सा युरोपला जातो. तिकडचा माणूस रात्री दहाला ती पिशवी कपात बुडवून गाढ झोपतो. ज्या देशाने ती पिकवली, त्याच्या राजधानीत रात्री दोन वाजता लग्नाची वरात हॉर्न वाजवत खिडकीखालून जात असते. निर्यातीचे काही नियम असायला हवेत.

ह्या फुलाची इजिप्तवर निष्ठा मात्र जुनी. रामसेस दुसरा हा फॅरो नव्वदीच्या घरात पोहोचून इसवी सनापूर्वी 1213च्या सुमारास गेला. त्याच्या ममीला बुरशी लागली म्हणून 1976मध्ये तिला पॅरिसला उपचारासाठी नेलं, तेव्हा तिच्या पोटाच्या पोकळीत कॅमोमाइलचे परागकण सापडले. नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली होती, आणि त्या काळात मिरी पिकत होती ती आपल्या दक्षिण हिंदुस्थानात. म्हणजे मलबारकडच्या दाण्यांनी समुद्र आणि वाळवंट ओलांडून फॅरोचं नाक गाठलं. विद्वान म्हणतात की नाकाचा आकार टिकावा म्हणून मिरी भरली आणि शरीर टिकावं म्हणून बाकीचं. पोटात कॅमोमाइल आणि नाकात मिरी हा योगायोग मला पटत नाही. तिथे माणूस मेला म्हणून त्याचे उपचार थांबत नाहीत, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

ह्या उपचारांची खरी ताकद कळायची तर कैरोत भाड्याच्या घरात आजारी पडावं लागतं. वसंतात खमसीनचे वारे सुटतात, वाळवंटातली धूळ सगळ्या शहरावर पसरते आणि घशात जाऊन बसते. अशाच एका खमसीनमध्ये माझा आवाज बसला. खाली दारात बसणारा बव्वाब हा इमारतीचा पहारेकरी, पोस्टमन आणि वृत्तसंस्था. त्याला मी हातानेच "आवाज नाही" अशी खूण केली आणि वर आलो. मी किल्ली फिरवतोय तोवर बातमी माझ्या आधी वर पोहोचली होती.

प्रथम चौथ्या मजल्यावरच्या तांत आल्या. मध्यमवर्गीय कैरोत शेजारपाजारच्या वयस्क बायकांना तांत म्हणतात. हा शब्द फ्रेंचांकडून आला आणि इथे येऊन अधिकारपद झाला. त्यांच्या हातात पेरूच्या पानांचा काढा होता, तपकिरी, तुरट, वर लिंबू पिळलेला. त्या खुर्ची ओढून बसतात न बसतात तोच दुसऱ्या मजल्यावरच्या तांत यान्सून घेऊन हजर. दोघींनी एकमेकींच्या प्रकृतीची प्रेमाने चौकशी केली. मग चौथ्या मजल्याने दुसऱ्या मजल्याचा ग्लास उचलून नाकाशी नेला.

"उकळलंस तू हे?"

"जरासं."

"यान्सून उकळायचं नसतं, हबीबती. त्यातला जीव जातो."

"आमच्या तान्त्यात उकळतात."

"तान्त्यात," चौथा मजला म्हणाला, आणि त्या एका शब्दात तान्ता शहराचं जे काही व्हायचं ते झालं.

मी मध्येच काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला. दोघी एका सुरात म्हणाल्या, "तू बोलू नकोस." खिडकी बंद झाली, पंखा बंद झाला, गळ्याभोवती माझाच टॉवेल गुंडाळला गेला. अंघोळ करून वाऱ्यावर गेलास ना, असा आरोप ठेवला गेला आणि आवाजच नसल्यामुळे तो सिद्धही झाला. दोन्ही ग्लास दोघींच्या देखत, आळीपाळीने, तळ दिसेपर्यंत प्यायलो. प्रत्येकात साखर अशी होती की चमचा उभा राहावा. "अल्फ सलामा", हजार वेळा बरा हो, असं म्हणून त्या गेल्या आणि जिन्यात उतरता उतरता तान्त्याचा विषय पुन्हा निघाला.

घसा कशाने बरा झाला ते देवाला माहीत. पण त्या दुपारी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कैरोत दिवस काढायचा म्हणजे सकाळपासून घासाघीस. टॅक्सीशी घासाघीस, टोमॅटोवाल्याशी घासाघीस, सरकारी खिडकीपलीकडच्या बाईशी "उद्या या" आणि "आजच हवं" यांची घासाघीस. रस्ता ओलांडायचा तर येणाऱ्या गाडीशी डोळ्याला डोळा भिडवून तिथेही भाव ठरवायचा. प्रत्येक पाऊल तुमचं तुम्हीच ठरवायचं, आणि चुकलात तर त्याची किंमतही तुम्हीच द्यायची. ह्या अख्ख्या शहरात ज्यावर घासाघीस चालत नाही अशी एकच वस्तू आहे: कुणीतरी तुमच्यासाठी आणलेला पाल्याचा ग्लास. काय प्यायचं, किती गरम, किती गोड, कधी आडवं व्हायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं आणि त्यात तुम्हाला मत नसतं. सबंध दिवसात तेवढीच दहा मिनिटं तुम्ही काहीही ठरवत नाही. यान्सूनमध्ये कुठलं तेल आहे आणि मेथीत कुठलं द्रव्य आहे, ते रसायनवाल्यांनी शोधावं. माझ्या मते ह्या सगळ्या पाल्यांतलं गुणकारी द्रव्य एकच आहे, आणि त्याचं नाव दमदाटी.

प्रसंगाप्रमाणे पेय बदलतं, दमदाटी तीच. जुन्या इजिप्शियन सिनेमात नायिकेला धक्का बसला की कुणीतरी हमखास ओरडतं, "लिंबाचं सरबत आणा!", आणि तिला डोळे उघडायच्या आतच ते प्यावं लागतं. मयताच्या घरी भेटायला गेलात तर बिनसाखरेची काळी कॉफी हातात येते. तीही नको म्हणता येत नाही. अख्ख्या देशात साखर न विचारता वगळली जाते ती फक्त तिथे, त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. अस्वानकडे मूत्रपिंडाची तक्रार सांगितलीत तर हल्फाबार नावाचं गवत उकळून देतात. ते आपल्या गवती चहाचं चुलत भावंड. त्याचं औषध केमिस्टकडेही मिळतं, पण केमिस्टकडचं घेतलं तर मावशीला काय सांगणार?

तेव्हा कैरोला जाणाऱ्या मराठी माणसाने काही पथ्यं पाळावीत. "मी बरा आहे" असं ठासून सांगू नये, त्याने संशय वाढतो. आधी दुसऱ्या कुणाचा काढा घेतल्याचं कळू देऊ नये. पुढ्यात अनेक ग्लास असतील तर जी व्यक्ती समोर उभी आहे तिचा आधी संपवावा. साखर कमी सांगू नये, साखरेशिवाय औषध लागू पडत नाही हेही दाऊदमध्येच असावं. आणि सुटका व्हावी म्हणून "मला प्रेशर आहे" असं चुकूनसुद्धा बोलू नये. चढलंय की उतरलंय, यावर घरात दोन तट पडतात, दोन्ही तट स्वयंपाकघरात जातात, आणि करकदेचे दोन ग्लास येतात, एक गरम आणि एक गार. दोन्ही प्यावे लागतात. मग प्रेशर मोजायचं यंत्र आणतात. आकडा नॉर्मल निघाला की दोन्ही तट आपापला विजय जाहीर करतात आणि तुम्हाला सांगतात, बघ, म्हटलं नव्हतं?